उपसर्ग कळला, शब्द कळला का?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन करून विचारले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. इंग्रजी शब्दसंग्रहावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक कधीच नव्हतो. पण शब्दाला अर्थ कुठून येतो, हा प्रश्न मूळचा आमच्या घरातला आहे. तो यास्काच्या काळापासून आपल्याकडे चर्चेत आहे आणि ग्रीसमध्ये प्लेटोने त्यावर एक अख्खा संवाद लिहिला आहे. शिवाय आज बोलण्यामागे एक व्यक्तिगत कारणही आहे. ते ओघात सांगू.

आज एका पुस्तकाची समीक्षा करायची आहे. पुस्तकाचे नाव 'वर्ड पॉवर मेड इझी', लेखक नॉर्मन लुइस. हे पुस्तक १९४९ साली अमेरिकेत निघाले. त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. तरी आज पुण्यात अप्पा बळवंत चौकात जा आणि स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजीचे पुस्तक मागा, दुकानदार न विचारता हेच काढून देईल. कादंबरीची समीक्षा होते, कवितासंग्रहाची होते. पण ज्या पुस्तकावर खेड्यापाड्यांतून आलेली मुले आपले भवितव्य टांगून ठेवतात, त्याची समीक्षा करायला कोणी बसत नाही. म्हणून आज आपण बसू या.

आधी पुस्तकाला त्याचे श्रेय देऊ. लुइस शब्दांची जंत्री देत नाहीत. ते शब्दांची कुटुंबे दाखवतात. सुरुवातीलाच माणसांच्या स्वभावाविषयीचे शब्द येतात. त्यात मिसॅन्थ्रोप म्हणजे माणूसघाणा, मिसॉजिनिस्ट म्हणजे स्त्रीद्वेष्टा, मिसॉगमिस्ट म्हणजे लग्नसंस्थेचा द्वेष करणारा. तिन्हींत ग्रीक 'मिसेन', म्हणजे द्वेष करणे. मग अँथ्रोपॉस म्हणजे माणूस, गुने म्हणजे स्त्री, गामोस म्हणजे लग्न. एक धागा ओढला की चार शब्द हाताला लागतात. पुढे डॉक्टरांची नावे येतात, शास्त्रांची नावे येतात. मधूनमधून विश्रांती म्हणून व्याकरणाच्या गमती. स्वाध्याय भरपूर. उच्चार अक्षरे फोडून दिलेले, आघात कुठे द्यायचा तेही ठळक केलेले. घोकंपट्टीने गांजलेल्या मुलाला हे पुस्तक पहिल्यांदा हातात आले की अंधाऱ्या खोलीत खिडकी उघडल्यासारखे वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते.

आणि इथेच ते व्यक्तिगत कारण येते.

चाळीसएक वर्षांपूर्वी आम्ही संध्याकाळी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा एक वर्ग घेत असू. फी नव्हती. नोकरीच्या अर्जापुरते, मुलाखतीपुरते इंग्रजी यावे एवढाच हेतू. आम्ही फळ्यावर कोष्टक काढले होते. डावीकडे उपसर्ग, मधे धातू, उजवीकडे प्रत्यय. 'इन्' म्हणजे नाही. 'मिस्' म्हणजे चुकीचे. 'प्री' म्हणजे आधी. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "पोरांनो, तीस तुकडे पाठ करा, तीन हजार शब्द तुमचे." त्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, लाजाळू, वडील रोजंदारीवर. त्याने एके ठिकाणी अर्ज केला आणि अर्जाची नक्कल नंतर आम्हाला आणून दाखवली. त्यात स्वतःविषयी लिहिले होते, "आय ॲम ॲन इन्डिफरंट स्टुडंट."

त्याला म्हणायचे होते, मी काही वेगळा नाही, चारचौघांसारखा साधा विद्यार्थी आहे. 'डिफरंट' म्हणजे वेगळा, 'इन्' म्हणजे नाही, म्हणून 'इन्डिफरंट' म्हणजे वेगळा नसलेला. आमच्या कोष्टकाप्रमाणे गणित बिनचूक होते. इंग्रजीत मात्र त्या वाक्याचा अर्थ होतो, मी बेपर्वा विद्यार्थी आहे, किंवा मी सुमार विद्यार्थी आहे. नोकरी त्याला मिळाली नाही. त्या एका शब्दामुळेच मिळाली नाही असे म्हणणे तर्कदुष्ट ठरेल, ते आम्ही म्हणणार नाही. पण त्याने आम्हाला विचारले, "सर, 'इन्' म्हणजे नाहीच ना?" आणि त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते.

ही चूक त्या मुलाची नव्हती, लुइसची तर नव्हतीच. ती आमची होती. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

आता मुद्द्याकडे वळू. या पद्धतीत दोन निरनिराळे दावे एकमेकांत मिसळलेले असतात, ते आधी सुटे करू. पहिला दावा, शब्दाचे तुकडे कळले की अर्थ कळतो. दुसरा दावा, तुकडे जोडले की शब्द तयार होतो. पहिला दावा वाचणाऱ्याचा आहे, दुसरा लिहिणाऱ्याचा. दोन्ही तपासू.

पहिला दावा. महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे काय लिहिलेले असते? 'हायली इन्फ्लेमेबल'. आपल्या कोष्टकाप्रमाणे याचा अर्थ 'मुळीच न पेटणारे' असा होईल. म्हणजे खुशाल शेजारी उभे राहून बिडी ओढा! प्रत्यक्षात शब्दाचा अर्थ आहे ज्वालाग्राही. कारण इथला 'इन्' नकाराचा नाहीच, तो 'आत' या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. इन्फ्लेम म्हणजे ज्वाळेत घालणे, पेटवणे. नकाराचा 'इन्' आणि आतला 'इन्' हे दोन वेगळे उपसर्ग, फक्त दिसायला जुळे. हा घोटाळा खुद्द इंग्रजी भाषकांचाही होतो. म्हणून विसाव्या शतकात आगीच्या सुरक्षेचे काम करणाऱ्यांनी नुसता 'फ्लेमेबल' हा शब्द पुढे आणला. जिवाशी गाठ होती म्हणून भाषेला वळण द्यावे लागले.

'मिस्'चे तेच. मिस्टेक, मिसअंडरस्टँड यांतला 'मिस्' म्हणजे चुकीचा. मिसॅन्थ्रोपमधला 'मिस्' म्हणजे द्वेष. एक जर्मानिक वळणाचा, एक ग्रीक. 'डिस्' घ्या. डिसअग्रीमधला लॅटिन 'डिस्' वेगळा आणि डिस्पेप्सियामधला ग्रीक 'डिस्' वेगळा. स्पेलिंगमध्ये एकात आय आहे, एकात वाय. मराठी कानाला दोन्ही सारखेच. 'अन्' घ्या. अनहॅपीमधला 'अन्' नकार देतो, अनटायमधला 'अन्' क्रिया उलटी करतो. 'अनटाय' म्हणजे न बांधणे नव्हे, बांधलेले सोडणे. आणि 'अनलॉकेबल' हा शब्द तर दोन्हीकडे जातो. कुलूप लावताच येत नाही असा दरवाजा, किंवा लावलेले कुलूप काढता येते असा दरवाजा. तुकडे तेच, क्रमही तोच. फक्त कोणता तुकडा आधी जोडला यावर अर्थ फिरतो.

आणखी एक उदाहरण आमच्या गुडघ्याचे आहे. गेल्या वर्षी आम्ही ऑर्थोपेडिक सर्जनकडे गेलो. 'ऑर्थो' म्हणजे सरळ. 'पेड' म्हणजे काय? पेडल, पेडेस्ट्रियन यांवरून वाटते, पाय. आम्ही पाय घेऊनच तर गेलो होतो. पण नाही. इथला 'पेड' ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. पीडियाट्रिशियनमध्ये आहे तोच. १७४१ साली निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळावीत कशी आणि सुधारावीत कशी यावर पुस्तक लिहिले, त्यासाठी त्याने हा शब्द घडवला. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने आम्ही सत्तरी ओलांडलेले बालक म्हणून तिथे बसलो होतो! लुइस हे दोन्ही 'पेड' स्वतः वेगळे करून दाखवतात, हे सांगितले पाहिजे. पण त्यांच्या या प्रामाणिकपणातूनच एक गोष्ट सिद्ध होते. कोणता 'पेड' कुठला, हे ठरवायला आधी शब्दाचा अर्थ ठाऊक असावा लागतो. अर्थ माहीत असला की तुकडे ओळखता येतात. तुकड्यांवरून अर्थ काढायला गेलो तर पुष्कळदा फसतो. पद्धत जाहिरातीत एका दिशेने चालते आणि प्रत्यक्षात उलट्या दिशेने.

आता आपल्या परंपरेत या.

निरुक्तात यास्काने एक वाद नोंदवला आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामे धातूंपासून झाली आहेत. गार्ग्य म्हणतो, सगळी नाहीत. गार्ग्याचा आक्षेप मोठा मार्मिक आहे. रस्ता व्यापतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचे असेल, तर जो जो रस्त्याने जातो त्याला अश्व म्हणावे लागेल. टोचते म्हणून गवताला 'तृण', तर जे जे टोचेल ते तृण. म्हणजे सुईही तृण, बाभळीचा काटाही तृण! यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा. पण त्याचे उत्तर बघा. तो म्हणतो, हे तर लोकांत दिसतेच. तासण्याचे काम पुष्कळजण करतात, पण 'तक्षा' म्हणतात ते सुतारालाच. हिंडतात पुष्कळजण, पण 'परिव्राजक' म्हणतात ते संन्याशालाच. म्हणजे व्युत्पत्तीचा खंदा पुरस्कर्तासुद्धा शेवटी कबूल करतो की नाव कोणाला चिकटायचे ते लोकव्यवहार ठरवतो.

पुढच्या शास्त्रकारांनी याची नीट वर्गवारी केली. अवयवांतून अर्थ देणारा शब्द यौगिक, जसा 'पाचक'. अवयवांशी संबंध न ठेवणारा रूढ. आणि दोन्ही असणारा योगरूढ. त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे पंकज. चिखलात जन्मलेले ते पंकज. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला कोणी पंकज म्हणून हाक मारत नाही. मीमांसकांनी 'रथकार' शब्दाचा निवाडा असाच केला. रथ करणारा कोणीही, की त्या नावाने ओळखला जाणारा विशिष्ट समाज? निवाडा रूढीच्या बाजूने गेला. योग आणि रूढी यांची टक्कर झाली तर रूढी बलवान, हा आपल्याकडचा जुना न्याय आहे. ज्या संस्कृतीने हा न्याय सांगितला, तिच्या मुलांना आम्ही फळ्यावर 'इन् म्हणजे नाही' एवढेच शिकवत होतो.

आणि 'इन्डिफरंट'चा सख्खा मराठी भाऊ तर आपल्या तोंडात रोज असतो. 'उदासीन' शब्द घ्या. उद् आणि आस्, वेगळा होऊन बसलेला, कोणत्याच बाजूला न झुकणारा, तटस्थ. संस्कृतात तो मोठ्या योग्यतेचा शब्द आहे. मराठीत आपण 'आज उदास का?' असे विचारतो तेव्हा त्या बसण्याचा आणि तटस्थतेचा मागमूस नसतो. 'इन्डिफरंट'ही तसाच. आधी फरक न करणारा, मग तटस्थ, मग बेपर्वा, मग बरा ना वाईट, सुमार. शब्द चालत जातो. व्युत्पत्ती त्याचे जन्मगाव सांगते, सध्याचा पत्ता सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, अर्जातला एक शब्द चुकला, त्याचे एवढे काय? तर आमच्या विषयातले उदाहरण देतो. 'एथीइस्ट' या शब्दासाठी आपण बेधडक 'नास्तिक' म्हणतो. ग्रीक 'अ' म्हणजे नाही, 'थिऑस' म्हणजे देव. इकडे 'न' आणि 'अस्ति'. जुळले! पण भारतीय दर्शनांत नास्तिक ही संज्ञा प्रामुख्याने वेदप्रामाण्य न मानणाऱ्यांसाठी रूढ झाली. त्यामुळे जैन आणि बौद्ध नास्तिकांत गेले. आणि ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि पूर्वमीमांसक आस्तिकांतच राहिले. म्हणजे आस्तिक असून निरीश्वरवादी असता येते. तुकड्याला तुकडा लावून भाषांतर केले की हा सगळा इतिहास एका फटक्यात पुसला जातो आणि मग आपण न झालेल्या वादांवर भांडत बसतो. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' संवादात सॉक्रेटिस शब्दांच्या व्युत्पत्त्यांचा पाऊस पाडतो आणि शेवटी म्हणतो की वस्तू जाणायची तर नावावरून जाणण्यापेक्षा वस्तूकडूनच जाणलेली बरी. आमचे म्हणणे एवढेच आहे.

आता दुसरा दावा. तुकडे जोडले की शब्द तयार होतो.

'टीच'ला 'अर' लावला की टीचर. 'ड्राइव्ह'चा ड्रायव्हर. मग 'कुक'चा? आपली मुले हमखास लिहितात, "माय मदर इज अ गुड कुकर." आई प्रेशर कुकर झाली! स्वयंपाक करणारा माणूस तो कुक, भांडे ते कुकर. टायपिस्ट माणूस, टाइपरायटर यंत्र. आणि कॉम्प्युटर हा शब्द तर आधी हिशेब करणाऱ्या माणसांसाठी होता, यंत्र नंतर आले. 'स्टील' म्हणजे चोरणे, मग स्टीलर का नाही? कारण थीफ आधीच जागा अडवून बसला आहे. मार्क ॲरोनॉफ या भाषावैज्ञानिकाने १९७६ साली याला नेमके नाव दिले, ब्लॉकिंग. आपण त्याला 'अडवणूक' म्हणू. क्युरियसवरून क्युरिऑसिटी होते, पण ग्लोरियसवरून ग्लोरिऑसिटी होत नाही, कारण ग्लोरी हे नाम आधीपासून आहे. लाँगचे लेंग्थ, डीपचे डेप्थ, वाइडचे विड्थ. पण टॉलचे टॅल्थ नाही. तो 'थ' प्रत्यय आता म्हातारा झाला, त्याला नवी मुले होत नाहीत. उलट 'नेस' प्रत्यय धडधाकट आहे, जवळजवळ कोणत्याही विशेषणाला लागतो. कोणता प्रत्यय जिवंत आणि कोणता निवृत्त, हे कोष्टकात कुठेच लिहिलेले नसते. आम्ही निवृत्त आहोत, म्हणून आम्हाला हा फरक जास्त कळतो.

समोरून एक प्रश्न आला आहे, तो इथेच घेतो. "सर, मग प्रीपोन हा शब्द चूक की बरोबर?" छान प्रश्न. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे. लॅटिन 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. मग आधी ठेवणे ते प्रीपोन. रचना निर्दोष आहे. तरी आमच्या विद्यार्थिदशेत हा शब्द लिहिला की मास्तर लाल रेघ मारत. आज ऑक्सफर्डच्या कोशात तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून नोंदलेला आहे. त्याची रचना तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे. मधल्या काळात एवढेच झाले की कोट्यवधी लोकांना तो लागत होता आणि त्यांनी तो वापरला. म्हणजे नियम शब्दाला जन्माची परवानगी देतात, जगवतात मात्र माणसे. आपण मराठीत 'नापास' म्हणतो. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी. कुठल्या व्याकरणात बसतो? पण सबंध महाराष्ट्राला त्याचा अर्थ कळतो, अनुभवही आहे.

शब्द पूर्णपणे तुकड्यांतूनच उभे राहावेत, असे स्वप्न पाहणारे थोर लोक होऊन गेले. जॉन विल्किन्सने १६६८ मध्ये अशी तत्त्वज्ञानाची भाषा रचली की शब्दाच्या अक्षरांवरूनच वस्तूचा वर्ग कळावा. १८८७ मध्ये झामेनहॉफने एस्परांतो दिली. तीत 'साना' म्हणजे निरोगी. 'मल' लावला की आजारी. पुढे माणसाचा प्रत्यय, मग जागेचा प्रत्यय, आणि झाले 'मलसानुलेयो', रुग्णालय. अडाण्यालाही फोडता येईल असा शब्द. हेतू अतिशय उदात्त, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण आपली भाषा बघा. रुग्णालय म्हणताना आपले लक्ष रुग्णाकडे असते, दवाखाना म्हणताना औषधाकडे. आणि हॉस्पिटल शब्दाच्या मुळाशी तर पाहुणा आहे. इमारत एकच, तीन नावांतून तीन बाजूंनी दिसते. नावांच्या या गर्दीतच अनुभव साठलेला असतो.

आता एक योगायोग सांगतो. लुइसचे पुस्तक निघाले १९४९ मध्ये. त्याच वर्षी ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' कादंबरी आली. तीत हुकूमशाही राजवट 'न्यूस्पीक' नावाची भाषा घडवते. कशी? उपसर्ग आणि प्रत्यय वापरून. 'गुड' ठेवला की 'बॅड' कशाला? 'अनगुड' म्हणा. फार चांगल्यासाठी 'प्लसगुड', त्याहून अधिक 'डबलप्लसगुड'. लुइस उपसर्गांनी शब्द वाढवतात, ऑर्वेलचे सत्ताधारी त्याच उपसर्गांनी शब्द कमी करतात, हेतू असा की माणसाला वेगळा विचारच करता येऊ नये. मराठीत 'अचांगला' असा शब्द नाही. आपल्याकडे वाईट आहे, दुष्ट आहे, ओंगळ आहे, टाकाऊ आहे, भिकार आहे. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रसंगी कामाला येतो. हे वेगळेपण तुकड्यांतून येत नाही. वापरातून येते. हत्यार तेच आहे, ते कशासाठी उचलले यावर सगळे अवलंबून, ही जाणीव शब्दशक्तीच्या पुस्तकांत आम्हाला सापडत नाही.

मग काय, पुस्तक फेकून द्यायचे? मुळीच नाही. पण ते कोणासाठी लिहिले होते हे ओळखायचे. लुइसचा वाचक अमेरिकन प्रौढ आहे. तो इंग्रजीत झोपतो, इंग्रजीत भांडतो. त्याला वाक्य येते, त्याला फक्त वरचा मजला बांधायचा आहे. आमच्या मुलाचे जोते अजून भरायचे आहे. त्याला मिसॉगमिस्ट येतो आणि तो लिहितो, "आय विल सक्सेस." लग्नद्वेष्ट्यासाठी शब्द हवा अशी वेळ आयुष्यात कितीदा येणार? पण सक्सीड, सक्सेस, सक्सेसफुल, सक्सेसफुली यांपैकी वाक्यात कुठे कोण बसतो, हे रोज लागते. प्रत्ययाचे खरे काम तिथे आहे. तो शब्दाचा अर्थ थोडा बदलतो, पण वाक्यातली त्याची जागा पूर्ण बदलतो. हे अमेरिकन वाचकाला सांगावे लागत नाही. आपल्याला सांगावे लागते.

दुसरी गोष्ट आघाताची. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर. फोटोग्राफी म्हणताना तो सरकून दुसऱ्यावर जातो, 'फटॉग्रफी' असे काहीसे होते. फोटोग्राफिकमध्ये तो तिसऱ्यावर. प्रत्यय लागला की शब्दाचा कणाच हलतो. मराठीत असा आघात अर्थ फिरवत नाही, म्हणून आपल्याला तो ऐकूच येत नाही. लुइस तो ठळक करून दाखवतात आणि आपली मुले पुस्तकातला नेमका तोच भाग ओलांडून जातात. शब्द ओळखीचा असूनही मुलाखतीत कानावर पडला की कळत नाही, त्याचे हे एक कारण.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. मराठी मुलाकडे एक ठेवा आहे, जो त्या अमेरिकन वाचकाकडे नव्हता. व्यंजनापूर्वी 'अ', स्वरापूर्वी 'अन्' हे त्याला येते. अशांत, पण अनादी. ग्रीकचा नियम तोच, एथीइस्ट, पण ॲनार्की. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत अ-अन्, ग्रीक अ-अन्, लॅटिन इन्, इंग्रजी अन् ही एकाच मूळ भाषेतून आलेली भावंडे आहेत. अनामिक आणि ॲनॉनिमस शेजारी ठेवा. अज्ञेय आणि ॲग्नॉस्टिक शेजारी ठेवा. हक्सलीने १८६९ मध्ये घडवलेल्या त्या शब्दात आपलाच 'ज्ञा' बसला आहे. डिस्पेप्सियातला 'डिस्' म्हणजे आपला 'दुस्' आणि त्यातला 'पेप्' म्हणजे आपला 'पच्'. दुष्पच! उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तसेच इन् आणि लीगल मिळून इल्लीगल होते. संधी आठवीतल्या मुलाला येते. ज्याला आपण इंग्रजीत कच्चा म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याच्याकडे या कोठाराची किल्ली आधीपासून आहे. ती त्याच्या हातात आहे हे त्याला कोणी सांगत नाही. असे सांगणारे पुस्तक मराठीत कोणीतरी मन लावून लिहायला हवे. आमचे वय झाले, तुम्ही लिहा.

तोवर नव्या शब्दाला चार प्रश्न विचारायची सवय लावा. पहिला, हा शब्द मी कुठल्या वाक्यात पाहिला? दुसरा, त्या वाक्यावरून काय अर्थ निघतो? तिसरा, कोशात काय दिले आहे? आणि चौथा, आता तुकडे पाडले तर अर्थाशी जुळतात का? जुळले तर लक्षात राहील. नाही जुळले तर जास्त लक्षात राहील, कारण मधे एक गोष्ट घडलेली असते. क्रम मात्र बदलू नका. आमची चूक क्रमाची होती. चौथा प्रश्न आम्ही पहिला विचारायला शिकवला.

त्या मुलाविषयी विचाराल. तो पुढे दुसरीकडे लागला, संसार थाटला. काही वर्षांपूर्वी भेटला तेव्हा त्याला तो अर्ज आठवत होता. आम्ही म्हणालो, "चूक आमची होती रे." तो हसला. म्हणाला, "सर, पण तो एक शब्द मी जन्मात विसरलो नाही." आम्हाला त्याचे समाधान वाटावे की वाईट, हे अजून ठरलेले नाही.

"'इन्' म्हणजे नाहीच ना?" असे त्याने विचारले होते. उत्तर असे आहे, कधी कधी. आणि ते 'कधी कधी' शिकण्याला भाषा शिकणे म्हणतात.

 आता प्रश्न घेऊ.